व्हीजी-३० चं सँपल पुन्हा नापास? टँकर परत पाठवायच्या आधी एवढं बघा

रात्री साडेदहाचा फोन ठरलेला. "मॅडम, पेनिट्रेशन अडतीस आलंय. टँकर गेटवर उभाय, ड्रायव्हर डोकं खातोय. परत पाठवू का?" (व्हीजी-३० ही रस्त्याच्या डांबराची एक ग्रेड. पेनिट्रेशन म्हणजे सुई डांबरात किती शिरते तो आकडा; कमी म्हणजे कडक, जास्त म्हणजे मऊ.) हॉटमिक्स प्लांटच्या (खडी आणि डांबर गरम मिसळतात तिथल्या) क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणीच्या लॅबमध्ये मला बारा वर्षं झाली, त्यातली बरीचशी विदर्भात. हा फोन इतक्यांदा आलाय की आता मी टँकरचं काही विचारतच नाही. विचारते, "डबा कशावर तापवला?" पलीकडे थोडी शांतता. मग, "शेगडीवर."

नापास आलेल्या सँपलपैकी निम्म्याहून जास्त आमच्याच हातून नापास झालेली असतात, हा माझा अनुभव. टँकर परत गेला की प्लांट बंद, पेव्हर (रस्त्यावर मिश्रण पसरणारं यंत्र) उभा, रोलरवाला झाडाखाली झोपलेला. आणि दोष लॅबचा निघाला तर पुढच्या वेळी खरंच वाईट माल आला तरी आपलं कोणी ऐकत नाही. म्हणून तपासायचा एक क्रम मी ठरवून टाकलाय. आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, शेवटी खर्चाचं.

(शब्दाबद्दल: खरं डांबर कोळशापासूनचं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. रस्त्यावर पडतं ते कच्च्या तेलापासूनचं बिटुमेन. पण साइटवर सगळे डांबरच म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

लक्षणं

- रिफायनरीच्या सर्टिफिकेटवर विस्कॉसिटी (डांबराचा घट्टपणा) २९००, आपल्याकडे ३९००.
- उलटं: पेनिट्रेशन ऐंशीच्या घरात, सॉफ्टनिंग पॉइंट (डांबर मऊ पडतं ते तापमान) ४४. डबा कलता केला की डांबर पातळ काकवीसारखं वाहतं.
- सोमवारी पास झालेला डबा गुरुवारी नापास.
- एकाच वाटीत सुईची तीन रीडिंग ४६, ५३, ६१.
- आकडे एकमेकांशी भांडतात: पेनिट्रेशन सांगतं डांबर कडक, सॉफ्टनिंग पॉइंट सांगतो मऊ.
- रिपोर्ट सगळे पास, पण मे महिन्यात डांबर वर आलं आणि रस्त्याला चाकोऱ्या पडल्या.

आधी कागद (पाच मिनिटं, फुकट)

आयएस ७३ (डांबराचं भारतीय मानक) च्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे व्हीजी-३० ला ६० अंशांवर विस्कॉसिटी २४०० ते ३६०० पॉइज लागते, १३५ अंशांवर किमान ३५० सेंटिस्टोक. पेनिट्रेशन किमान ४५, सॉफ्टनिंग पॉइंट किमान ४७, फ्लॅश पॉइंट (डांबराची वाफ पेट घेते ते तापमान) किमान २२०. व्हीजी-४० ची विस्कॉसिटी ३२०० ते ४८००, पेनिट्रेशन किमान ३५. आता तो फोनवरचा अडतीस बघा. व्हीजी-३० म्हणून नापास, व्हीजी-४० म्हणून पास. चलनावर (टँकरसोबतच्या मालाच्या कागदावर) ग्रेड कोणती आहे? त्या रात्री चलन कोणी उघडलंच नव्हतं. हे एकदा नाही, तीनदा घडलंय.

३२०० ते ३६०० हा पट्टा दोन्ही ग्रेडमध्ये बसतो, तेव्हा एकट्या विस्कॉसिटीवरून ग्रेड ओळखायला जाऊ नका. एककही बघा. काही लॅब पास्कल-सेकंदात लिहितात, आणि ३०० पास्कल-सेकंद म्हणजे ३००० पॉइज. ३०० बघून घाबरलेले इंजिनिअर मी पाहिलेत.

आणि याच कागदावरची सगळ्यात मोठी फट: पेनिट्रेशनला खालची मर्यादा आहे, वरची नाही. बऱ्याच साइटवर फक्त पेनिट्रेशनच होतं, कारण व्हॅक्यूम विस्कोमीटर (विस्कॉसिटी मोजायची काचेची नळी, पंप आणि बाथ) महाग पडतो. मग व्हीजी-३० च्या नावाखाली व्हीजी-१० आलं, पेनिट्रेशन ८५ निघालं, तरी "किमान ४५" च्या रकान्यात बरोबरची खूण होते. रॉकेल मारलेलं डांबरही याच फटीतून निसटतं. कडक डांबर पेनिट्रेशनमध्ये सापडेल, मऊ सापडणार नाही. म्हणून विस्कोमीटर नसेल तर निदान सॉफ्टनिंग पॉइंट रोजच्या रोज करा. त्याला लागतं काय? दोन रिंगा, दोन गोळ्या, बीकर आणि थर्मामीटर.

आकडे एका सुरात आहेत का? (हेही फुकट)

डांबर खरंच कडक झालं असेल तर पेनिट्रेशन खाली जातं, सॉफ्टनिंग पॉइंट वर जातो, विस्कॉसिटी वर जाते. मऊ झालं असेल तर तिन्ही उलट. तिघं एका सुरात बोलत असतील तर एक तर डांबर तसंच आलंय, नाहीतर तुम्ही ते तापवताना तसं केलंय. तिघांतला एकच वेगळं बोलत असेल तर त्या एका टेस्टचं उपकरण आधी बघा, डांबर नंतर. नव्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते, कारण पुढची निम्मी धावपळ इथेच वाचते.

डबा आणि चिंधी

एका साइटवर लागोपाठ चार टँकर मऊ आले. सप्लायरचा माणूस येऊन गेला, रागारागाने बोलणं झालं. पाचव्या टँकरला मी स्वतः जाऊन उभी राहिले. लॅबमधल्या मामांनी रिकामा डबा घेतला, खिशातून चिंधी काढली, डबा आतून लख्ख पुसला. चिंधी काळपट, ओली. मी विचारलं, "मामा, हे कशानं पुसताय?"

"डिझेलनं, मॅडम. त्याशिवाय चिकटलेलं निघतंय का?"

मामांची चूक नव्हती. डबा स्वच्छ हवा एवढंच त्यांना सांगितलेलं, कशानं करायचा ते कोणी सांगितलंच नव्हतं. लिटरभर डांबरात चमचाभर डिझेल राहिलं तरी विस्कॉसिटी खाली येते. त्या दिवसापासून प्रत्येक सँपलला नवा, कोरडा, रुंद तोंडाचा पत्र्याचा डबा. टँकरच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

सँपल घेताना कॉकमधून पहिलं येणारं डांबर वेगळ्या बादलीत सोडून द्या. कॉकच्या नळीत मागच्या खेपेचं थंड झालेलं डांबर बसलेलं असतं, ते या टँकरचं नाही. एका टँकरचे तीन डबे भरा: एक टेस्टला, एक थर्ड पार्टीला, एक सील करून सप्लायरच्या माणसाच्या सहीसकट कपाटात. लेबल डब्याच्या अंगावर लावा, झाकणावर नको. झाकणं बदलतात. आणि स्टोरेज टाकीतून घेतलेलं सँपल टँकरच्या नावावर कधी लिहू नका. टाकीत आधीच्या तीन टँकरांचा माल मिसळलेला असतो.

तापवणं

सगळ्यात जास्त सँपल इथे मरतात. शेगडीवर डब्याचा तळ लाल होतो आणि वरचं डांबर अजून घट्टच असतं. तळाशी करपलं, ते ढवळून सगळ्यात मिसळलं की पेनिट्रेशन गेलं. पेनिट्रेशनच्या पद्धतीतच लिहिलंय की डांबर त्याच्या सॉफ्टनिंग पॉइंटपेक्षा ९० अंशांहून जास्त तापवायचं नाही. व्हीजी-३० चा सॉफ्टनिंग पॉइंट पन्नासच्या आसपास धरला तर १४० च्या वर जायचं कारणच नाही. ओव्हन वापरा, झाकण सैल ठेवा, ओतण्याइतकं पातळ झालं की हलक्या हाताने ढवळा. जोरात ढवळलं तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि सुई बुडबुड्यात शिरली की एकसष्ट दाखवते.

एकदा पातळ केलेल्या डब्यातून वाट्या, रिंगा, विस्कोमीटर सगळं एकदमच भरा. उरलेलं "उद्या परत करून बघू" म्हणून ठेवायचं नाही. गरम डांबराला हवा लागली की ते कडक होतं, पातळ थरात तर झपाट्याने. रोलिंग थिन फिल्म ओव्हन हेच मुद्दाम करतो: १६३ अंश, ८५ मिनिटं, फिरत्या बाटल्यांत पातळ थर, वर हवेचा झोत. प्लांटमध्ये खडीशी मिसळताना डांबराचं जे होतं त्याची ती नक्कल, आणि त्यानंतरची विस्कॉसिटी मूळच्या चौपटीपेक्षा जास्त चालत नाही. तुमचा तीनदा तापवलेला डबा म्हणजे तीच टेस्ट, फक्त बेहिशेबी. सोमवारी पास, गुरुवारी नापास याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.

थर्मामीटर आणि मे महिना

पेनिट्रेशन २५ अंशांवर, तेही ०.१ अंशाच्या आत. आणि विदर्भात मे महिन्यात लॅबच्या पत्र्याखाली बेचाळीस. साध्या वॉटर बाथला पाणी तापवता येतं, थंड करता येत नाही, हे खरेदी करताना कोणाच्या लक्षात येत नाही. डिस्प्लेवर "सेट २५" दिसतं, पाणी असतं २८. पाण्यात हात घालून बघितला तरी कळतं. एका अंशाने पेनिट्रेशन साधारण दहा टक्क्यांनी हलतं. खरं ५२ असलेलं डांबर २७ अंशांवर ६४ च्या जवळ दाखवेल, आणि तुम्ही मऊ मऊ म्हणून ओरडाल. थंड करणारा बाथ घ्या, नाहीतर बर्फ घालून पाणी सतत हलतं ठेवा आणि स्वतंत्र थर्मामीटरने बघत राहा. वाटी भरल्यावर तास-दीड तास हवेत, मग तास-दीड तास बाथमध्ये. यात घाई नको. मध्ये लाइट गेली तर घड्याळ परत पहिल्यापासून.

थर्मामीटर खरा बोलतोय का हे बघायला काही खर्च नाही. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, त्यात बुडवून शून्य येतंय का बघा. अर्धा अंश जरी खोटा निघाला तरी त्याला निवृत्त करा. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून थर्मामीटर सुधारत नाही.

सुई, गोळी, पाणी

हे पटकन. सुई नखावर टेकवून बघा, टोक बोथट असेल तर फेका. प्रत्येक रीडिंगला सुई सॉल्व्हंटने स्वच्छ पुसलेली हवी. सुई २.५, दांडा ४७.५, वजन ५० मिळून १०० ग्रॅम. वजन लावायचं विसरलेल्या टेस्टही मी पाहिल्यात. टोचे एकमेकांपासून आणि वाटीच्या काठापासून दहा मिलिमीटर दूर. सॉफ्टनिंग पॉइंटला उकळून गार केलेलं डिस्टिल्ड वॉटर, नाहीतर रिंगेवर बुडबुडे जमतात. सुरुवात ५ अंशांवर, मग मिनिटाला ५ अंश. घाईने बर्नर वाढवला की आकडा उगाच वर जातो. नळाचं चाळीस अंशांचं पाणी घेऊन सुरुवात केली असेल तर ती टेस्ट झालीच नाही असं समजा.

विस्कोमीटर

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच काचेच्या नळीकडे वळा. इथे दोनच गोष्टींनी माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्लाय.

एक, बाथचं तापमान. ६० अंशांच्या आसपास एका अंशाला विस्कॉसिटी दहा-पंधरा टक्क्यांनी बदलते. समजा डांबराची खरी विस्कॉसिटी ३२०० आहे, म्हणजे अगदी सुखरूप. बाथ डिस्प्लेवर ६० दाखवतो पण आत ५९ आहे. तुमचा रिपोर्ट येणार ३६५० च्या आसपास. नापास! डांबर तेच, टँकर तोच, चूक एका अंशाची.

दुसरी, व्हॅक्यूम. ३०० मिलिमीटर पारा हवा. रबरी नळीला भेग असेल, जोडाला ग्रीस नसेल तर ओढ कमी पडते, डांबर हळू चढतं, सेकंद वाढतात आणि विस्कॉसिटी खोटी वाढते. पंप बंद करून गेजचा काटा बघा. तो घसरत असेल तर गळती आहे. नळीचा स्थिरांकही तपासा. प्रत्येक फुग्याचा वेगळा असतो, आणि नळी फुटून नवी आल्यावर जुनाच स्थिरांक एक्सेल शीटमध्ये राहून जातो. आमच्याकडे तो एक पावसाळाभर राहिला होता.

शंका फिटली नाही तर माहीत असलेल्या विस्कॉसिटीचं कॅलिब्रेशन तेल मागवा. महाग आहे, पण टँकर परत पाठवण्यापेक्षा स्वस्त.

आता मात्र डांबरच

नव्या डब्यातलं, ओव्हनमध्ये एकदाच तापवलेलं, तपासलेल्या उपकरणांवरचं सँपल पुन्हा त्याच बाजूला नापास झालं, तर आता टँकरकडे बोट दाखवा.

सगळे आकडे कडक बाजूला: डांबर जास्त वेळ जास्त तापलंय. मुंबईहून निघालेला टँकर विदर्भात पोहोचेस्तोवर थंड होतो, मग उतरवायच्या घाईत ड्रायव्हर बर्नर लावतो आणि आतल्या नळीभोवतीचं डांबर करपतं. हे आपल्या टाकीतही होतं. व्हीजी-३० मिसळताना १५० ते १६५ अंश पुरतात. पावसाने काम थांबलं म्हणून टाकी तीन दिवस १७० वर ठेवली असेल, तर सप्लायरला फोन करण्याआधी आपल्या ऑपरेटरशी बोला.

सगळे मऊ बाजूला: टँकरने आधी काय वाहून आणलं होतं ते विचारा. तळाशी राहिलेलं इंधन तेल किंवा मुद्दाम मारलेलं हलकं तेल, दोन्हीत फ्लॅश पॉइंट पडतो. फ्लॅशची टेस्ट ज्वाळेची आहे, ती प्लांटच्या लॅबमध्ये करू नका, बाहेर पाठवा.

पेनिट्रेशन कडक बाजूला सरकलेलं आणि डब्याच्या तळाशी बोटाला रवाळ लागतंय: दगडाची पूड मिसळल्याचा संशय. ट्रायक्लोरोएथिलीनमध्ये डांबर किमान ९९ टक्के विरघळायला हवं, पूड विरघळत नाही. घनतेतूनही इशारा मिळतो: १.०२ च्या डांबरात वजनाने पाच टक्के चुन्याच्या दगडाची पूड गेली की ती १.०५ च्या पुढे जाते.

पॉलिमरवालं डांबर असेल तर टाकीच्या वरचं आणि तळाचं असं वेगवेगळं सँपल घ्या. न ढवळता ठेवलं की पॉलिमर वर येतं आणि दोन्हींचे निकाल वेगळे येतात. तिथे नापास झालेलं डांबर नसतं, बंद पडलेला ढवळणीचा पंखा असतो.

रिपोर्ट पास, रस्ता नापास

हे सगळ्यात चिडवणारं. विस्कॉसिटी ६० अंशांवर मोजतात कारण उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग तिथवर जातो. पण ग्रेड निवडायची ती जागा बघून. हवेच्या सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३८ ते ४५ असेल तर व्हीजी-३०, पंचेचाळीसच्या वर व्हीजी-४०. चंद्रपूर-नागपूरकडे हा काठ दूर नाही. त्यात टोलनाका, बस थांबा, घाटाचा चढ अशा ठिकाणी ट्रक रेंगाळतो. भार जितका जास्त वेळ तितकं डांबर जास्त दबतं, म्हणून एकाच थरात सपाटीचा रस्ता ठीक आणि थांब्यासमोर चाकोऱ्या. हा टेस्टचा दोष नाही, टेंडरमध्ये ग्रेड लिहिणाऱ्याचा आहे.

ग्रेड बरोबर असूनही डांबर वर आलं तर मिक्सकडे जा. कोअर (रस्त्यातून कापलेला गोल नमुना) काढा, डांबराचं प्रमाण जॉब मिक्सच्या (कामासाठी ठरवलेल्या मिश्रणाच्या) ०.३ टक्क्यांच्या आत आहे का बघा, हवेच्या पोकळ्या बघा. मार्शलच्या (लॅबमध्ये मिश्रण ठोकून बनवलेल्या) नमुन्यात ३ ते ५ टक्के पोकळी हवी. ती दोनवर गेली असेल तर कुठलंही डांबर वर येणारच, उन्हात फुगायला त्याला आत जागाच नसते.

कुठे थांबायचं

टँकरच्या किंवा टाकीच्या तोंडाशी फेस दिसला तर लगेच तापवणं बंद करा. डांबरात पाणी आहे. लिटरभर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते आणि डांबर उकळत्या दुधासारखं उतू येतं, फक्त दीडशे अंशांवर. माणसं लांब न्या, सप्लायरच्या तांत्रिक माणसाला बोलवा. बादलीने काढून बघायचं धाडस नको. टाकीचं झाकण उघडून वास घेऊ नका, आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असू शकतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा.

दोन वेगळ्या ऑपरेटरनी केलेल्या टेस्ट जुळल्या आणि निकाल नापासच असला, तर तिसऱ्यांदा टेस्ट करत बसू नका. सील केलेला डबा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबला पाठवा आणि उपअभियंता साहेबांना लेखी कळवा. तोवर त्या टँकरचा माल टाकीत उतरवायचा नाही. एकदा मिसळला की कोणाचा दोष हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही. रस्त्यावर चाकोऱ्या पडल्या असतील तर क्यूसी लॅबचं काम कोअर काढून देण्यापुरतं. खालचा थर खचलाय की वरचा, हे पेव्हमेंटचं जाणणाऱ्याने ठरवायचं.

आणि अंगावर डांबर उडालं तर गार पाणी ओतत राहा. चिकटलेलं डांबर ओढून काढू नका, सोबत कातडी येते. डिझेलची चिंधी तर अजिबात नको. तसंच ठेवून दवाखाना गाठा.